चौमासात उभ्या मोटारींच्या बॅटऱ्या

बॅटरी कामानं मरत नाही, बसून मरते. हे मी तीस-पस्तीस वर्षं गिऱ्हाइकांना ऐकवत आलो, पण पटलेला माणूस अजून भेटायचा आहे. "मिस्तरी, मोटार जागची हलली न्हाई, मग बॅटरी संपली काहून?" असं विचारतात, आणि माझ्याकडे असं बघतात जसा काही मीच येऊन ती पिऊन गेलो.

मी यासीन मिस्त्री, राहणार हिंगोली. शाळा उर्दूतून झाली, मराठी बाजारात शिकलो, तेव्हा लिहिण्यात कमी-जास्त झालं तर सांभाळून घ्या. आधी पूर्णेला रेल्वेत खलाशी होतो. डब्यांखाली बॅटऱ्यांच्या पेट्या असतात, त्यांच्यावर आतले दिवे जळतात. त्या पेट्या धुवायच्या, भरायच्या, हे माझं काम. फोरमनशी भांडण झालं आणि मी नोकरीला लाथ मारली. नोकरीनं मला मारली, असं माझी बायको सांगते. दोन्हींत थोडं थोडं खरं आहे. मग हिंगोलीला येऊन स्टेशनच्या रस्त्यावर पत्र्याचं दुकान टाकलं. रॉकेलवर चालणारं लहान इंजिन, त्याला पट्ट्यानं जोडलेला डायनॅमो आणि भिंतीला लाकडी फळ्या, एवढाच संसार होता.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. आमच्याकडची जमीन काळी. मृग लागला की ती बैलाचा खूर सोडत नाही, मोटारीचं चाक काय सोडणार! पक्के रस्ते त्या काळी बोटांवर मोजावेत एवढे. म्हणून ज्याच्याकडे मोटार असेल तो ती जूनमध्ये छपराखाली घ्यायचा, खाली लाकडी ठोकळे लावून चाकं अधांतरी करायचा आणि दसऱ्याला उतरवायचा. पुढे लढाई लागली, पेट्रोल चिठ्ठीवर मिळू लागलं, तशा काही मोटारी दोन-दोन वर्षं ठोकळ्यांवरच राहिल्या. लोक चालत्या मोटारीवर पोट भरतात, मी उभ्या मोटारीवर भरलं.

बॅटरी म्हणजे तीन तोंडांची काळी पेटी. आत शिशाच्या पट्ट्या आणि त्या बुडतील एवढं पाणी घातलेलं तेजाब, म्हणजे ॲसिड. मोटार चालू असली की इंजिन तिला भरत राहतं. मोटार थांबली की ती आपली आपण झिरपत जाते. पार रिकामी होऊन तशीच पडली तर पट्ट्यांवर पांढरा थर धरतो, तो मग काही केल्या सुटत नाही. म्हणून महिन्यातून एकदा तिला डायनॅमोवर घ्यायची, दिवसभर दमानं भरायची आणि आटलेल्या पाण्याच्या जागी पाणी घालायचं. पाणी आटतं, तेजाब आटत नाही, तेव्हा घालायचं ते नुसतं पाणी. तेही विहिरीचं चालत नाही, आमच्या विहिरी खाऱ्या. वाफ धरून काढलेलं लागतं. बॅटरीत जीव किती उरला ते बघायला एक काचेची नळी असते, तिच्यात थोडं तेजाब ओढून घ्यायचं. आत एक काडी तरंगते. जीव असला की काडी वर येते, नसला की बुडते. ती काडी दाखवल्याशिवाय मी कोणाच्या हातात बॅटरी दिली नाही.

वाफेच्या पाण्यासाठी मी दुकानामागे भबका लावला होता, दारू गाळतात तसला. एक दिवस आबकारीचा जमादार दोन शिपाई घेऊन दारात उभा. "क्या निकालते मियाँ?" म्हटलं, पाणी. "पानी में से पानी?" त्यानं शिपायांकडे डोळा मिचकावला, बाटली उचलून घोट घेतला आणि तोंड वाकडं करून म्हणाला, "इसमें तो पानी का भी मज़ा नहीं!" तरी बाटली जप्त केलीच. तीन दिवसांनी शिपायाच्या हाती परत पाठवली, अर्धी.

सेनगावकडचे एक जागीरदार होते. लढाईच्या दिवसांत त्यांची मोटार ठोकळ्यांवर होती, पण रोज संध्याकाळी ते शेरवानी घालून मागच्या सीटवर बसायचे, ड्रायव्हरला पुढे बसवायचे आणि भोंगा वाजवायला लावायचे. गावाला कळलं पाहिजे, हुजूर निघाले. अर्ध्या तासानं खाली उतरायचे. महिनाभर टिकणारी बॅटरी त्यांच्याकडे आठवड्यात आडवी पडायची. एकदा मी अदबीनं म्हटलं, "हुजूर, भोंग्याला जरा आराम दिला तर..." ते म्हणाले, "पेट्रोल सरकारनं नेलं, आता भोंगा तुम्ही नेता का?" मी गुमान बॅटरी उचलली आणि भरायला घेऊन आलो.

असे नमुने पुष्कळ. पण मी लिहायला बसलो तो एका दुसऱ्याच बॅटरीसाठी.

गोविंदा नाईक हा औंढ्याच्या वाटेवरच्या एका बंजारा तांड्यातला. त्याच्या आज्यानं बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलूख पालथा घातलेला. रेल्वे आली आणि लदणीचा धंदा बसला. गोविंदानं मनात घेतलं की बैल गेले तर जाऊ द्या, आपण मोटार आणू. तांड्यातल्या बायकांनी अंगावरची चांदी उतरवून दिली तेव्हा एक जुनी लॉरी आली. हिंगोली ते औंढा, नागनाथाचे यात्रेकरू आणि बाजारकरी यांना ती न्यायची-आणायची. पहिली चांदी उतरवली ती त्याच्या आईनं. सोनाबाई तिचं नाव, पण सगळा बाजार तिला याडीच म्हणायचा. याडी म्हणजे त्यांच्या बोलीत आई.

लॉरीला दरसाल परवाना लागायचा. दसरा झाला की छावणीच्या मैदानावर मोटारी उभ्या करायच्या, मग साहेब येऊन बघणार. दिवे लागतात का, भोंगा वाजतो का, ब्रेक धरतो का, आणि बटण दाबल्यासरशी इंजिन सुरू होतं का. सगळं बराबर असलं तर वर्षभर तो रस्ता तुमचा, नसलं तर दुसऱ्याचा. गोविंदाच्या रस्त्यावर दोघा-तिघांचा डोळा होता. परवाना गेला की तांड्याची चांदी मातीत, हे त्याला ठाऊक होतं आणि मलाही.

बाकीचे लोक चौमासात बॅटरी माझ्या दुकानात आणून ठेवत. याडी ठेवू देईना. "घरची वस्तू चार महिने परक्याच्या घरी काहून?" मग त्यांची बॅटरी दर महिन्याला बैलाच्या पाठीवर यायची. एका बाजूच्या गोणीत भुसा ठासून त्यात पेटी, दुसऱ्या बाजूला तेवढ्याच भाराचा दगड. चार कोस चिखल तुडवून बैल दारात यायचा, पण तेजाबाचा थेंब बाहेर सांडलेला नसायचा. रेल्वेतसुद्धा मी एवढी सफाई बघितली नव्हती.

सत्तेचाळीसच्या चौमासात पहिल्या खेपेला बैलाबरोबर याडी स्वतः आली. म्हणाली, "हिला सांभाळायचं कसं ते मला सांग. गोविंदा धांदरट हाय."

मी कामात होतो. म्हातारीला शिसं आणि तेजाब कुठं समजावत बसू? म्हटलं, "याडी, नवरात्रात घट बसवतेस ना? तशी जप. ओल्या भुईवर ठेवू नको, पाटावर ठेव. हलवू नको. पाणी आटलं तर मी देतो त्या बाटलीतलंच घाल. घटच समज."

"घटच?"

"व्हय, घटच."

मला माझ्या हुशारीचं मोठं कौतुक वाटलं. पुढे आणखी दोन गिऱ्हाइकांना मी हेच ऐकवलं.

तिनं निगा राखली ती मात्र खरोखर घटासारखी. दर खेपेला नळी घातली की काडी टच्च वर. नवरात्राच्या आदल्या आठवड्यात शेवटची भरून दिली तेव्हा मी तिला म्हटलं, "याडी, तुझ्यासारखं गिऱ्हाईक दुसरं न्हाई." ती पदराआड हसली आणि बैल वळवून गेली.

दसऱ्यानंतर पाचव्या दिवशी मैदानावर मोटारी लागल्या. गोविंदाची आली नव्हती. दुपार कलू लागली तशी औंढ्याच्या रस्त्यावर धूळ दिसली. लॉरी आली, पण चार बैलजोड्यांनी ओढत आणलेली. याडी पुढे चालत होती, गोविंदा स्टिअरिंग धरून बसला होता, आणि मैदानावरची माणसं पोट धरून हसत होती. साहेब खुर्चीतून उठून म्हणाले, "ये मोटर है के बंडी?" बंडी म्हणजे बैलगाडी.

बटण दाबलं तर हूं नाही की चूं नाही. हँडल मारावं तर ठिणगी नाही, कारण त्या लॉरीत ठिणगीसुद्धा बॅटरीच द्यायची. मी हातापाया पडून साहेबांचा चहा होईपर्यंतची मुदत मागितली आणि झाकणं उघडली. तिन्ही तोंडांत तेजाबाला निळसर झाक आली होती. काडी नळीच्या तळाशी बसली. आत काहीतरी चकाकलं म्हणून चिमटा घातला, तर तांब्याची पै. दुसऱ्या तोंडात पै, तिसऱ्यात पै. तांबं हे बॅटरीला जहर. शिवाय पै दोन पट्ट्यांवर आडवी पडली होती, तिनं आतल्या आत सगळा जीव जाळून टाकला होता.

"हे कोणी टाकलं?" गोविंदानं विचारलं.

"म्या," याडी म्हणाली. तिला यात काही वावगं वाटत नव्हतं. "घटात पैसा टाकत न्हाईत का? माळ बी घातली होती नऊ दिवस."

"तुला कोणी सांगितलं टाकायला?"

"ह्यानंच की. घटच समज म्हणला."

सगळं मैदान माझ्याकडे बघू लागलं. साहेब, ड्रायव्हर लोक, जागीरदारांचा कारभारी, या सगळ्यांवर माझा धंदा. बॅटरीवाल्यानंच बॅटरी मारली म्हटलं तर उद्या दुकानाची पायरी कोण चढणार? मी हसलो. म्हटलं, "मी असं कशाला म्हणीन, याडी? बॅटरीला कोणी घट म्हणतं का?"

 ती म्हणाली, "तसं असंल. माझंच चुकलं असंल."

गोविंदा चारचौघांत तिच्यावर ओरडला. तांड्याची चांदी बुडवलीस, म्हणाला. ती खाली मान घालून ऐकत होती. साहेबांचा चहा झाला आणि परवाना गेला.

आणखी एक सांगायचं आहे. त्या वेळी माझ्या दुकानात जागीरदारांची बॅटरी भरून तयार होती, त्याच मापाची. दुकान मैदानापासून दोन हाकांवर. ती आणून लावली असती तर लॉरी साहेबांसमोर गुरगुरली असती. ती अमानत होती, दुसऱ्याची ठेव, मालकाला विचारल्याशिवाय हात कसा लावू, असं मी मनाला समजावलं. कारभारी तिथंच उभा होता, त्याला विचारलं नाही. पण खरं ते वेगळं. ती आणायला धावलो असतो तर लोकांनी विचारलं असतं, तुम्हाला एवढी घाई काहून? आणि मग दोष कोणाचा ते बोलावं लागलं असतं. त्या दिवसाची लाज मला आजही वाटते.

रस्ता दुसऱ्याला मिळाला. लॉरी वर्षभर ठोकळ्यांवर राहिली आणि गोविंदा त्याच रस्त्यावर दुसऱ्याची गाडी हाकू लागला. मी हैदराबादहून पट्ट्या मागवल्या आणि माझ्या हातानं नवी बॅटरी जुळवून दिली. मदत म्हणून दिली असं सांगितलं. पुढच्या चौमासात मात्र ती तांड्यावर जाऊ दिली नाही, माझ्याच फळीवर ठेवली.  याडी दर बाजाराला यायची आणि दुकानाबाहेर उभी राहायची. उंबरा ओलांडायची नाही.

"जित्ती हाय का?"

"हाय."

"दाव."

मी नळी भरून दारात आणायचो. ती काडी बघायची आणि चालू लागायची. तेवढ्या वेळात मी तिच्या तोंडाकडे बघायचं टाळायचो.

मग अठ्ठेचाळीसचा सप्टेंबर आला. त्याआधी वर्षभर हत्यारं घेऊन फिरणाऱ्या टोळक्यांनी खेडी आणि तांडे यांना सळो की पळो करून सोडलं होतं. हिंदुस्थानची फौज आली, चार-पाच दिवसांत निजामाचा अंमल संपला, आणि भीती तिकडून उठून आमच्या मोहल्ल्यात येऊन बसली. त्यावर मी जास्त लिहीत नाही. ज्यांनी माझ्यापेक्षा जास्त सोसलं त्यांचा तो हक्क आहे. मी दुकानाला कुलूप घातलं, बायको-लेकरं घेतली आणि बहिणीच्या गावी गेलो.

आत सात बॅटऱ्या होत्या, गोविंदाची धरून. शिशाला गिऱ्हाईक कधीही मिळतं, आणि पत्र्याचं दार म्हणजे पहारीच्या एका दणक्याचं काम. बहिणीच्या ओसरीवर बसून मला एकच दिसायचं, दसऱ्यानंतरचं मैदान आणि बैलांनी ओढत आणलेली लॉरी. दुसऱ्या साली परवाना गेला तर गोविंदाला पुन्हा कोणी उभं करणार नव्हतं. आणि या वेळी बॅटरी माझ्याच हट्टानं माझ्या दुकानात होती.

पंधरा दिवसांनी परतलो. स्टेशनच्या रस्त्याला दोन-चार दुकानांची दारं मोडलेली दिसली. माझ्या दुकानाचं कुलूप जागेवर होतं. उंबऱ्यापुढे याडी बसली होती. तिच्यासमोर काळ्या मातीचा वाफा, मधोमध घट, आणि भोवती गव्हाचे कोंब वीतभर वाढलेले. ते कोंब बघूनच कळलं, ही आठ-दहा दिवस तरी इथून हललेली नाही.

काय झालं ते समोरच्या दामू शिंप्यानं सांगितलं. मी गेल्यावर चार दिवसांनी ती बाजाराला आली, कुलूप बघितलं, आणि तांड्यावर जाऊन माती आणि घट घेऊन आली. दुसऱ्या दिवशी चार-पाच जण पहार घेऊन आले. म्हातारे ऊठ, म्हणाले. ती म्हणाली, "आत माझे घट बसलेत, सात. ज्याला उंबरा ओलांडायचा त्यानं आंघोळ करून, उपाशी, अनवाणी यावं." त्यांतला एक जण शहाणा होता. म्हणाला, "सध्या पितरं चालू हायेत. पितरांत कोण घट बसवतं गं?" याडी म्हणाली, "माझ्या लॉरीच्या देवीला पंचांग वाचता येत न्हाई. तुला येतं ना? मग ओलांड." त्यांनी पत्र्याच्या फटीतून आत बघितलं. फळीवर सात काळ्या पेट्या ओळीनं, प्रत्येक लाकडी पाटावर. एकमेकांकडे बघून ते निघून गेले. नंतर पुन्हा एकदा आले, तोवर तांड्यातल्या आणखी सहा बायका येऊन बसल्या होत्या.

मी याडीपुढे खाली बसलो.  म्हटलं, "याडी, माझ्यासाठी तू एवढं..."

"तुझ्यासाठी काहून?" ती म्हणाली. "माझ्या पोराची बॅटरी हाय आत."

तेवढ्यात गोविंदा तिची भाकरी घेऊन आला. मी उठलो आणि त्याला म्हटलं, "गोविंदा, गेल्या साली मैदानात मी खोटं बोललो. घट समज असं मीच हिला सांगितलं होतं. हिनं पुन्हा विचारलं, तेव्हा पुन्हा सांगितलं होतं."

गोविंदानं भाकरीचं फडकं आईपुढे ठेवलं. मग आईला म्हणाला, "याडी, तू तवाच काहून बोलली न्हाईस?"

"बोलले होते की. तुला मिस्तरी खरा वाटला."

 मी कुलूप काढलं आणि तिला आत ये म्हटलं. वर्षभरात पहिल्यांदा तिनं तो उंबरा ओलांडला. फळीजवळ येऊन म्हणाली, "बघ उघडून. पैसा न्हाई टाकला. कुलूप होतं." मला हसू आलं आणि डोळ्यांत पाणीही आलं. झाकणं उघडली. पाणी बोटभर उतरलं होतं, काडी वर होती. मी वाफेच्या पाण्याची बाटली तिच्या हातात दिली, आणि तिन्ही तोंडांत तिनंच पाणी घातलं, अगदी बराबर, एक थेंब बाहेर नाही.

त्या साली मैदानावर साहेब नवे होते, बाकी सगळे तेच. गोविंदानं बटण दाबलं आणि लॉरी पहिल्या दणक्याला सुरू झाली. दिवे लागले, भोंगा वाजला. साहेब खूश होऊन म्हणाले, "बॅटरी उत्तम ठेवलीय. कोणी सांभाळली?"

"याडीनं," मी म्हणालो. "आणि गेल्या सालची कोणी मारली तेही या सगळ्यांना सांगायचं आहे." गेल्या साली जिथं उभा राहून हसलो होतो तिथंच उभा राहून मी सगळं सांगितलं. घट म्हटलं ते, नाकारलं ते, जागीरदारांची बॅटरी आणली नाही तेही.  मी आणखी काही बोलणार होतो, तोच याडीनं मागून माझी बाही ओढली.

"बास कर आता, यासीन," ती म्हणाली. "मोटार चालू हाय, पेट्रोल जळून राहिलं."